तोरणाखालचं बोलणं

माणसाला वाईट कामाला लावणाऱ्यासाठी आमच्या गावात शब्दांची वाण कधीच नव्हती. सासू-सुनेत भांडण लावून दिलं तर त्यानं काडी केली. कोणाच्या पोराला घर सोडायला लावलं तर फूस लावली. साध्याभोळ्याला फुगवून खर्चात पाडलं तर हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. ज्याला जे जमतं ते तो करतो, आणि त्या त्या नावानं शिव्याही खातो. पण पोलीस आमच्या घरी जो शब्द घेऊन आले तो आमच्यापैकी कोणाच्याच तोंडात कधी आला नव्हता. चिथावणी. अंगणवाडीत पोरांना अक्षरं शिकवता शिकवता माझे केस पिकले, पण हा शब्द मी फक्त पेपरात वाचला होता, आणि तोही नेहमी दुसऱ्याच गावाबद्दल.

आमचे हे, म्हणजे रामराव, गावाचे झडतीवाले. आमचं गाव वरूडच्या अलीकडे, संत्र्याच्या पट्ट्यात. पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखाली सजवलेल्या बैलांच्या रांगा लागतात, आणि पोळा फुटायच्या, म्हणजे बैल घराकडे सुटायच्या, आधी मोठ्या आवाजात झडती म्हणतात. चार ओळींचं यमक. त्यात देव असतो, बैल असतो, आणि वर्षभर ज्यानं गावाला छळलं त्याचं नावही असतं. शेवटी सारं गाव एका आवाजात 'हर हर महादेव' म्हणतं. ज्याला टोला बसला त्यानं हसायचं, राग धरायचा नाही. तोरणाखालचं बोलणं तोरणाखालीच राहतं, हा आमचा कायदा. तो कोणत्या पुस्तकात छापलेला नाही, एवढंच आमचं चुकलं.

एरवी हा माणूस ताटात मीठ कमी पडलं तरी मागणार नाही. लग्नात फोटो काढताना सुद्धा मागच्या रांगेत उभा राहिला होता. पण तोरणाखाली गेला की यांचा आवाज कुठून यायचा देव जाणे. मी मारुतीच्या ओट्यावर बायांमध्ये उभी राहून ऐकायची, आणि खोटं कशाला सांगू, दरवर्षी त्या चार ओळींपुरता मला माझ्या माणसाचा अभिमान वाटायचा.

त्या वर्षी गावाचं दुखणं होतं पांदण. पांदण म्हणजे वावरा-वावरांमधून जाणारी बैलगाडीची वाट, सगळ्यांची. श्यामरावनं आपल्या संत्र्याच्या बागेचं तारेचं कुंपण सरकवत सरकवत ती वाट निम्मी गिळली होती. सगळ्यात जास्त हाल मनोजचे. त्याचं वावर पांदणीच्या पार टोकाला. खताची गाडी न्यायची तर ओढ्यातून फिरून जावं लागे. मनोज आमच्या शेजारचा, यांना काका म्हणणारा, माझ्या हातची पुरणपोळी आपल्या घरच्या आधी खाणारा. अर्ज झाले, मोजणी झाली नाही, आणि सगळे जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले होते.

पोळ्याला यांनी झडती म्हटली:

"पांदन गेली श्यामरावच्या पोटात,
बैल आमचे फिरतेत काट्यात;
कुऱ्हाड घरात गंजून राह्यली,
मर्दाची तिनं वाट पाह्यली!"

असा 'हर हर महादेव' झाला की बैल बिचकले. श्यामराव स्वतः हसला. रिवाजाप्रमाणे पुढे येऊन त्यानं आपल्या खांद्यावरचा दुपट्टा यांच्या गळ्यात घातला. कोणीतरी मोबाईलवर सगळं काढून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ते वरूडपासून अकोल्यापर्यंत फिरलं. अकोल्याला आमची प्रणाली दिलेली आहे, तिथल्या बँकेत कामाला आहे. तिनं फोन करून सांगितलं, की बाबाची झडती माझ्या साहेबांनीसुद्धा ऐकली.

सकाळी कळलं की श्यामरावच्या बागेतल्या कुंपणालगतच्या दोन ओळी कोणीतरी कापून टाकल्या. आंबिया बहाराची झाडं, हिरव्या फळांनी लगडलेली. कापणाऱ्यानं काही लपवलंही नव्हतं. मनोज आपल्या ओसरीवर कुऱ्हाड शेजारी ठेवून बसून होता.

बातमी आणणारा माणूस दारात बोलत होता तेव्हा मी यांच्या तोंडाकडे पाहत होते. आधी डोळ्यांत काहीतरी चमकलं. क्षणभरच. आपलं बोलणं कोणीतरी ऐकलं, खरंच ऐकलं, याची ती चमक होती. मग झाडं म्हणजे संत्र्याची झाडं, हे ध्यानात आलं, आणि ती विझली. संत्र्याचं झाड आमच्याकडे लेकरासारखं वाढवतात. "म्या कुंपन म्हटलं होतं," ते म्हणाले. "झाडाले काहून हात लावला त्यानं?" मी म्हटलं, तुम्ही कुंपण म्हटलंच नव्हतं, कुऱ्हाड म्हटलं होतं. हे त्या वेळी बोलायला नको होतं, पण मी ते बोलले.

मनोजनं पोलिसांना सगळं सांगितलं. झाडं मी कापली, पण काकाच्या झडतीनं डोकं फिरलं म्हणून कापली. त्याच्या वकिलानंही नंतर त्याला तेच धरून ठेवायला सांगितलं. भडकवल्यामुळे केलं म्हटलं तर शिक्षा कमी होते म्हणे. आणि ज्या श्यामरावनं गळ्यात दुपट्टा घातला होता, त्यानंच तक्रारीत आमच्या यांचं नाव लिहून दिलं. आरोपी नंबर एक मनोज, नंबर दोन रामराव. जामीन झाला, पण तारखा सुरू झाल्या, आणि आमच्या घराला कुलूप न लावता कोणीतरी आत कोंडून ठेवल्यासारखं झालं.

प्रणालीनं अमरावतीच्या वकीलबाई शोधून काढल्या. अनसूयाबाई नाव, वडीलही वकील, आजोबाही वकील. बाई चांगल्या होत्या. चहा स्वतः करून दिला. मग त्यांनी तो शब्द आम्हाला नीट उलगडून सांगितला. नुसतं मोठ्यानं बोलणं म्हणजे चिथावणी नाही. रागात बोललेलंही नाही. समोरच्यानं गुन्हा करावा अशा हेतूनं त्याला ढकलायचं, आणि त्यानं त्या ढकलण्यामुळेच तो करायचा, तेव्हा ती चिथावणी. म्हणून आपण म्हणायचं की झडती ही गंमत आहे. लोक हसतात आणि विसरतात. तिच्यानं कधी कोणी काही केलेलं नाही.

"कधीच नाही?" यांनी विचारलं.

"कधीच नाही, असंच म्हणायचं."

मग हा मुका माणूस बोलायला लागला. सरपंचानं गावविहिरीचा गाळ काढायला टाळाटाळ केली होती. झडती झाली तसा दुसऱ्याच दिवशी सरपंच स्वतः टोपली घेऊन विहिरीत उतरला. शाळेमागचा दारूचा अड्डा एका झडतीनं उठला. सुभद्राला तिच्या नवऱ्यानं माहेरी टाकून दिलं होतं. तोरणाखाली चार ओळी ऐकल्या आणि तो दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं जाऊन तिला घेऊन आला. हे सांगताना यांच्या आवाजात पोळ्याचा आवाज थोडा थोडा येऊ लागला होता. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"रामरावजी, यातलं एक अक्षरही कोर्टात काढू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या बोलण्यानं लोक उठतात, हेच तर समोरच्याला सिद्ध करायचं आहे."

हे म्हणाले, "म्हंजे मायं बोलनं खरं असन तं मी गुन्हेगार. अन् गुन्हेगार नसन तं मायं बोलनं फुकट."

बाई म्हणाल्या, की कोर्टात दोनच दारं असतात, तिसरं मी कुठून आणू? मला त्यांचा राग आला, पण त्या खोटं बोलत नव्हत्या. निघताना यांनी दारात वळून विचारलं, "मले खोटं बोलायले लावतेत, त्याले काय म्हनते तुमचा कायदा?"

बाई हसल्या नाहीत. "त्याला सल्ला म्हणतात," त्या म्हणाल्या.

पुढच्या तारखेआधी सुभद्रा आमच्याकडे आली. आता तिला नातू आहे. लुगड्याची घडी मोडून आली होती, नवं लुगडं. म्हणाली, मी साक्ष देते, जजसाहेबांना सांगते की या माणसाच्या जिभेनं माझा संसार लागला. बिचारी रात्रभर पाठ करून आली असावी. मी तिला चहा दिला, साखर दिली, हळद-कुंकू लावलं आणि परत पाठवलं. वकीलबाईंनी बजावून ठेवलं होतं, की तिला कोर्टाच्या फाटकाच्या आतसुद्धा येऊ देऊ नका. गावात एकच बाई खरं बोलायला तयार होती आणि तिला दारातून घालवायचं काम माझ्या वाट्याला आलं. बाकी गावाचं काय सांगावं? 'हर हर महादेव' म्हणायला सारं गाव होतं, पण पोलिसांनी विचारलं तेव्हा त्या दिवशी आखरावर कोणीच नव्हतं. एकाची म्हैस व्याली होती, एकाला ताप होता, एक तर चिखलदऱ्याला फिरायला गेला होता, पोळ्याच्या दिवशी, बैल घरी सोडून.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. यांनी बोलणंच टाकलं. चहाच्या टपरीवर कोणी विचारलं, रामराव, यंदा तूर पेरू का, तर हे म्हणत, "मले इचारू नोको." उद्या तूर बुडाली तर तीही माझ्यावर यायची, असं त्यांच्या मनात. घरात सांज झाली तरी दिवा लाव म्हणत नसत, स्वतः उठून लावत. बैलाला हाकताना सुद्धा तोंडातून शब्द नाही, नुसती कासऱ्याला ओढ. मी एकदा चिडून म्हटलं, निदान मला तरी शिव्या द्या. तेव्हा हसले, आणि हसून पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले.

पोळे आले आणि गेले. तोरण बांधलं जायचं, बैल उभे राहायचे, पण झडती म्हणायला कोणी पुढे होईना. कोणीतरी डीजे आणला. यांनी त्या दिवशी घराची कडी आतून लावून घेतली.

प्रणाली दर शनिवारी अकोल्याहून यायची. आली की बापाच्या शेजारी बसायची आणि तेच तेच घोळायची. ती माझी पोर आहे, तिच्या जिद्दीला मी ओळखते. बाबा, तुम्हाला या वयात आत टाकलं तर आईचं काय? बाबा, दोन वाक्यं बोलायची आहेत. बाबा, माझ्या सासरी लोक विचारतात. बाबा, मनोजदादानं तुमचं नाव घेताना तुमचा विचार केला का? हे ऐकून घ्यायचे. मीही मधून मधून तिच्याच बाजूनं बोलायची, कारण मला माझा माणूस घरी हवा होता. तो अपराधी आहे की नाही याच्याशी मला काय करायचं होतं? एका शनिवारी हे एकदम म्हणाले, "बरं. म्हनतो."

प्रणालीनं त्यांच्याकडून ती वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणून घेतली. पोरीला अंगणवाडीत कविता मी शिकवली होती, तशीच ती बापाला शिकवत होती.

जबाबाच्या दिवशी कोर्टात गर्दी होती. निम्मं गाव मागच्या बाकांवर. मनोज आणि हे एकाच बाकड्यावर, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. आधी जजसाहेबांनी तो मोबाईलवरचा व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. त्या खोलीत इतक्या दिवसांनी मी यांचा आवाज ऐकला. छोट्याशा डब्यातून यायचा तरी काय आवाज तो! कुऱ्हाड घरात गंजून राह्यली, मर्दाची तिनं वाट पाह्यली. आणि मी मागे वळून पाहिलं. मागच्या बाकांवर सगळ्यांची तोंडं उघडली होती. सवयच ती, झडती संपली की तोंड उघडायचंच. मग व्हिडिओतला 'हर हर महादेव' घुमला आणि बाकांवरची तोंडं एकेक करून मिटली. ज्यांचा आवाज त्या डब्यातून येत होता तेच लोक समोर मुकाट बसले होते. साहेबांनी मान वर करून पाहिलं.

मग साहेबांनी यांना विचारलं, की हे शब्द तुमचे आहेत का, आणि त्यांचा हेतू काय होता. हे उभे राहिले. कठडा दोन्ही हातांनी धरला.

"शब्द मायेच हायेत साहेब. पन झडती म्हंजे गंमत. मायं बोलनं कोनी मनावर घेत नाही. लोक हसतेत अन् जातेत."

आवाज इतका बारीक, की साहेबांनी पुन्हा सांगायला लावलं. यांनी पुन्हा सांगितलं. लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं. प्रणालीनं माझा हात घट्ट धरला होता. मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवणार नाही.

बाहेर व्हरांड्यात मनोज आमच्या समोर आला. मला वाटलं शिवी देईल. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"काका," तो म्हणाला, "मंग मी काहून उठलो?"

वकीलबाई म्हणाल्या, चला, आरोपींनी आपसात बोलायचं नसतं. मनोजची बायको रूपाली कडूलिंबाखाली डबा घेऊन बसली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढून घेतला.

निकाल लागला. चिथावणी सिद्ध होत नाही, रामराव सुटले. मनोजच्या बाजूला आता सांगायला काहीच उरलं नव्हतं. कोणी ढकललं नाही, आपल्याच मनानं उठला आणि हिरवी झाडं कापली, असं ठरलं. त्याला काही महिन्यांची कैद लागली आणि तो अमरावतीच्या जेलात गेला. रूपालीनं आमच्या घरची वाट सोडली. प्रणाली फोनवर रडायची. म्हणायची, आई, बाबा माझ्यामुळे खोटं बोलले, जन्मात कधी बोलले नव्हते. मी तिला समजवायची, की तुझ्या बापाला तू जेलातून वाचवलंस. पण ती आपल्या मनाला खात राहिली.

श्यामरावनं दोन ओळी पुन्हा लावल्या आणि कुंपण आणखी पुढे घेतलं. आता तारेला सिमेंटचे खांब आहेत.

यंदाच्या पोळ्याला यांनी सकाळीच धोतर धुतलेलं मागितलं. मी काढून दिलं. प्रणाली अकोल्याहून आली होती. दुपारी हे बैलाचा कासरा धरून आखरावर गेले, आणि आम्ही मायलेकी मारुतीच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिलो. यांना पुढे होताना पाहून गावात एकच गलका उठला. डीजे बंद केला. आले रे, रामकाका आले. हे तोरणाखाली उभे राहिले, डोळे मिटले, आणि तो आवाज पुन्हा आला, पहिला होता तसाच:

"पांदन गेली तारंच्या आत,
मनोज गेला भिंतीच्या आत;
ज्यानं उठवलं तो बसला घरी,
बैलहो, त्याले बांधा दोरी!"

भरल्या गावासमोर हा माणूस आपला गुन्हा कबूल करत होता. कोर्टात जे सांगता आलं नाही ते सांगत होता. प्रणालीनं तोंडावर हात घेतला. मी वाट पाहत होते, की आता कोणी खाली मान घालील, कोणी निदान त्या कुंपणाकडे बोट दाखवील.

आणि गाव हसलं. पोट धरून हसलं. काय यमक जुळवलं काकानं! बांधा दोरी! दोघा-तिघांनी पुन्हा म्हणून दाखवलं. 'हर हर महादेव' जोरात झाला, मोबाईल वर झाले, आणि सगळ्यात मोठ्यानं हसत श्यामराव पुढे आला. त्यानं आपला दुपट्टा यांच्या गळ्यात घातला आणि यांची पाठ थोपटली. मग पोळा फुटला. बैल घराकडे निघाले, त्यांच्या मागे माणसं निघाली. त्या नव्या कुंपणाला वळसा घालून, ओढ्याच्या बाजूनं.

घरी मी बैलांना ओवाळलं, पुरणाचा नैवेद्य दाखवला. हे हातपाय धुऊन आत आले. श्यामरावचा दुपट्टा त्यांनी खुंटीला नीट टांगला, त्याची सुरकुती हातानं काढली. प्रणाली ताटावर बसली होती, पण तिचा घास तसाच होता. तिच्या समोर पाट ओढून हे बसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"उगाच जीवाले खाऊन राह्यली पोरी," ते म्हणाले. "पाह्यलं ना आज? कोर्टात मी खोटं बोललोच नाही."